उसने आभाळ : छत्तीसगढातील एका वर्षाचा इतिहास

कलकत्त्यास दूरचित्रवाणी सुरू झाली ती ९ ऑगस्ट १९७५ रोजी, आणि मद्रासेस त्याच महिन्याच्या १५ तारखेस. मुंबईकरांस तो लाभ तीन वर्षे आधीच घडला होता. नागपूरकरांस त्यासाठी आणखी काही वर्षे वाट पाहावयाची होती. परंतु रायपूर, दुर्ग आणि बिलासपूर या तीन जिल्ह्यांतील शेकडो खेड्यांत १ ऑगस्ट १९७५ पासूनच पडदा उजळू लागला होता. कलकत्त्याच्या आधी आठ दिवस! आणि ही चित्रे कोणा जवळच्या मनोऱ्यावरून येत नव्हती. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिरावलेल्या एका उपग्रहाकडून ती थेट गावच्या पंचायतघरावर किंवा शाळेच्या छपरावर उतरत होती. नवी वस्तू प्रथम राजधानीत, मग जिल्ह्याच्या ठिकाणी आणि उरलीसुरली तर खेड्यात, हा आपल्याकडील जुना शिरस्ता. तो त्या वर्षी उलटा झाला.

बदलीच्या निमित्ताने छत्तीसगढात येणारा मराठी माणूस येथे आपला इतिहास शोधू लागतो, तेव्हा त्यास प्रथम आठवतात ते नागपूरकर भोसले. रतनपुरास राहिलेले बिंबाजी भोसले आठवतात, राजिमच्या राजीवलोचनाचे प्राचीन मंदिर तो पाहून येतो, आणि एके काळी हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात होता ही गोष्ट तो स्वकीयांच्या बैठकीत थोड्या अभिमानाने सांगतो. अभनपुरात राहणाऱ्यास या आठवणी आणखी जवळच्या. रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या वाटेवरील हे गाव. एकोणिसावे शतक सरताना जी अरुंद मापाची आगगाडी या भातशेतीतून धावू लागली, तिचा राजिमकडे जाणारा फाटा येथूनच फुटे. ती छोटी गाडी आता गेली, आणि मार्च २०२५ पासून रायपूरहून येथवर रुंद मापाची गाडी येऊ लागली. भोसल्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला, आगगाडीचाही कोणी ना कोणी लिहील. परंतु ती छोटी गाडी अजून धापा टाकीत चालली असता याच जिल्ह्याच्या खेड्यांनी अंतराळयुगाशी जो एक वर्षाचा संसार केला, त्याची नोंद आपल्या बैठकीत क्वचितच निघते. त्या संसाराशी मराठी माणसाचाही निकटचा संबंध होता.

अंतराळाविषयी लोकांच्या मनांत उत्साह कसा निर्माण करावा, या प्रश्नाची दोन उत्तरे १९६९ साली जवळजवळ एकाच वेळी भारतापुढे आली. पहिले उत्तर चंद्रविजयाचे. त्या वर्षीच्या जुलैत मनुष्याने चंद्रावर पाऊल ठेवले, तेव्हा आपल्या देशात दूरचित्रवाणी फक्त दिल्लीपुरती होती. बाकीच्यांनी ती वार्ता आकाशवाणीवर ऐकली आणि वृत्तपत्रांत वाचली. पुढे ऑक्टोबरच्या अखेरीस ते तिघे अंतराळवीर जगप्रदक्षिणा करीत मुंबईस आले आणि त्यांच्या दर्शनास गर्दी लोटली. पराक्रम दुसऱ्याचा, नवल आपले, आणि दर्शन झाले की परत घरी, असे या उत्तराचे स्वरूप होते. त्यात गैर काही नव्हते. वीरांचे दर्शन घ्यावे ही मनुष्याची स्वाभाविक ओढ आहे.

दुसरे उत्तर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एका करारपत्राच्या रूपाने आले. भारताचे अणुऊर्जा खाते आणि अमेरिकेची अंतराळसंस्था नासा यांच्यात ठरले की अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभर भारताच्या उपयोगास द्यावयाचा, आणि त्याच्या द्वारे भारताने आपल्या खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम दाखवावयाचे. उपग्रह त्यांचा, कार्यक्रम, भूकेंद्रे, संच आणि त्यांची निगा ही सर्व आपली. उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग असे त्याचे भारदस्त नाव होते. परंतु इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास सर्वजण 'साइट' म्हणत. या कल्पनेच्या मुळाशी होते विक्रम साराभाई. अंतराळविज्ञान ही श्रीमंत राष्ट्रांशी चढाओढ करण्याची वस्तू नसून, रस्ता आणि तार पोहोचावयास जेथे पिढ्या लागतील तेथे एका उडीत पोहोचण्याचे साधन आहे, असा त्यांचा विचार होता. तो सिद्धीस गेलेला पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. ३० डिसेंबर १९७१ रोजी ते निवर्तले.

त्यांच्या मागे ज्यांनी हे काम खांद्यावर घेतले त्यांत एकनाथ वसंत चिटणीस यांचे स्थान फार वरचे. चिटणीस मूळचे कोल्हापूरचे; जन्म १९२५ चा. अहमदाबादेच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत ते साराभाईंचे सहकारी झाले. केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतातील पहिले संशोधक अग्निबाण उडाले. त्या जागेच्या निवडीत त्यांचा हात होता. दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांत २६ जानेवारी १९६७ पासून 'कृषिदर्शन' सुरू झाले. सामुदायिक संचापुढे शेतकऱ्यास बसवून शेतीचे ज्ञान देता येते, याचा पडताळा तेथे मिळाला. पुढे 'साइट'चे व्यवस्थापन चिटणीसांकडे आले, आणि अहमदाबादेच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक होते प्राध्यापक यश पाल. एकाने यंत्रणा उभी करावी, दुसऱ्याने तिच्यात प्राण फुंकावा, अशी ही जोडी होती, असे म्हणावयास हरकत नाही.

यंत्रणेची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. आकाशातील प्रक्षेपक दुबळा असेल तर जमिनीवरील ग्राहकयंत्र मोठे आणि महाग असावे लागते. प्रक्षेपक समर्थ असेल तर खेड्यातील यंत्र स्वस्त करता येते. ३० मे १९७४ रोजी सोडलेल्या 'एटीएस-६' या उपग्रहाच्या माथ्यावर सुमारे ९ मीटर व्यासाची जाळीची छत्री होती; अंतराळात गेल्यावर ती उलगडली. प्रथम वर्षभर त्याने अमेरिकेतील दुर्गम भागांची सेवा केली, आणि मग त्यास हळूहळू सरकवीत पूर्व आफ्रिकेच्या माथ्यावर, ३५ अंश पूर्व रेखांशावर आणून ठेवण्यात आले. तेथून त्यास भारत दिसू लागला. गावातील छपरावर बसविली होती ती ३ मीटर व्यासाची बशी, आणि तीही कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या तारेच्या जाळीची! तिच्याखाली भारतातच तयार झालेला, कृष्णधवल चित्रांचा मोठा संच. सहा राज्यांतील २० जिल्ह्यांत अशी सुमारे २,४०० गावे निवडली होती, आणि तेव्हाच्या मध्यप्रदेशाच्या वाट्याची गावे होती ती या छत्तीसगढी मुलखातली. संचाची किल्ली गावातील एकाकडे, बहुधा शिक्षकाकडे, दिलेली असे. वेळेवर कुलूप काढावे, संच लावावा, बिघडल्यास कळवावे, आणि रात्री पुन्हा कुलूप घालावे, एवढेच त्याचे काम. इतिहासात त्याचे नाव नाही. परंतु तो नसता तर त्या ९ मीटरच्या छत्रीस काही अर्थ उरला नसता.

रोज सुमारे चार तास कार्यक्रम चालत. सकाळी शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी गावासाठी. या कार्यक्रमांत अग्निबाण नव्हते, अंतराळवीर नव्हते. भातावरील रोग, गुरांची निगा, बाळाचा आहार, कुटुंबनियोजन, गाणी, नाटुकली आणि बातम्या, असा त्यांचा मजकूर. मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम मुंबईत तयार होत. पाठ्यपुस्तकातील व्याख्या घोकविण्याऐवजी मुलाच्या भोवतालच्या वस्तूंतूनच प्रश्न उभे करावयाचे, असे त्यांचे धोरण होते आणि त्यामागे यश पालांचा आग्रह होता. त्या एका वर्षात प्राथमिक शाळांतील सुमारे ५०,००० शिक्षकांस विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षणही याच पडद्यावरून देण्यात आले. प्रत्येक संचापुढे सरासरीने शंभराच्या आसपास माणसे बसत. आरंभीची गर्दी नवलाई ओसरल्यावर कमी झाली, पण तुटली नाही.

मग त्या खेड्यातील मुलास अंतराळाचे वेड लागले ते कशाने? मला वाटते, कार्यक्रमांनी जितके लावले असेल तितकेच त्या जाळीच्या बशीने लावले असेल. चित्र समोर पेटीत, आणि ज्या बशीतून ते येते तिचे तोंड मात्र मोकळ्या आभाळाकडे! तेथे ना झाड, ना खांब, ना तार. हे चित्र येते कोठून, हा प्रश्न त्या बशीखाली बसलेल्या कोणत्याही मुलास पडणारच. चंद्रावरील पावलांची कीर्ती ऐकून जे कुतूहल जागे होते त्याहून या कुतूहलाची जात निराळी. ते दूरच्या वीराविषयी नसते. आपल्याच शाळेच्या छपराविषयी असते.

येथवरची कथा ऐकावयास गोड आहे. परंतु इतिहास लिहिताना वजाबाकीही मांडावी लागते.

पहिली वजाबाकी भाषेची. तेलुगू, कन्नड आणि ओडिया यांच्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम होते. बिहार, राजस्थान आणि मध्यप्रदेश या तिघांसाठी मात्र एकच हिंदी. छत्तीसगढी ही येथील घराची, शेताची, भांडणाची आणि अंगाईची भाषा; पडद्यावरील प्रमाण हिंदी ही कचेरीची भाषा. भातशेतीचे ज्ञान भाताच्या कोठारात उतरत होते, पण शेतकऱ्याच्या बोलीत नव्हे. परप्रांती राहून घरात मराठी टिकविण्याची खटपट करणाऱ्या आपणा वाचकांस ही उणीव समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी वजाबाकी काळाची. पडदा उजळला तेव्हा आणीबाणी जाहीर होऊन पाच आठवडे लोटले होते. रोज अर्धा तास सर्व सहा राज्यांस एकच कार्यक्रम हिंदीतून दिसे आणि त्यात बातम्या असत. ज्या गावास पूर्वी वृत्तपत्र येत नव्हते, त्याच्या कानी देशाची वार्ता प्रथम पडली ती वृत्तपत्रांवर नियंत्रण असलेल्या दिवसांत, सरकारी कंठातून. हा प्रयोगकर्त्या शास्त्रज्ञांचा दोष नव्हे. परंतु साधन कितीही निर्मळ असले तरी त्यातून बोलणारा तोंड कोणाचे, हा प्रश्न सुटत नाही, एवढे ते वर्ष सांगून जाते.

तिसरी वजाबाकी मला सर्वांत मोठी वाटते. गावातील यंत्र केवळ ग्राहक होते. आभाळ बोलत होते, गावाने ऐकावयाचे होते. उलट काही विचारण्याची वाट नव्हती. या प्रयोगाचा अभ्यास पुष्कळ काळजीने झाला. समाजशास्त्रज्ञ प्रश्नावल्या घेऊन फिरले, काही जण तर महिनोन्महिने खेड्यांत राहिले. त्यांस आढळले की नव्या माहितीचा लाभ विशेषेकरून स्त्रियांस आणि निरक्षरांस, म्हणजे ज्यांच्यापर्यंत पूर्वी काहीच पोहोचत नव्हते त्यांस झाला. आणि प्रेक्षकांस करमणुकीपेक्षा उपयोगाचे कार्यक्रम अधिक आवडले. खेडुतास नाचगाणेच हवे, असे शहरी पंडित गृहीत धरतात. त्यांस हे उत्तर चांगलेच झोंबणारे होते. परंतु या सर्व अभ्यासात प्रश्न विचारणारे अभ्यासक होते. गावाने उत्तरे दिली. गावाचे प्रश्न कोणत्या रकान्यात लिहिले गेले?

३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला. करार वर्षाचा होता, वर्ष भरले. उपग्रह पुन्हा पश्चिमेकडे सरकविण्यात आला, आणि जाळीच्या बश्या आभाळाकडे तोंड करून तशाच राहिल्या. उसने आणलेले आभाळ ज्याचे त्यास परत गेले. पुढे १९७७ साली रायपूरला जमिनीवरील प्रक्षेपक उभा राहिला आणि त्याच्या टप्प्यातील गावांस पुन्हा चित्रे दिसू लागली; टप्प्याबाहेरील गावे मात्र पूर्वीच्या अंधारात गेली. भारताचा स्वतःचा उपग्रह हे काम करू लागला तो १९८३ साली, 'इन्सॅट-१ बी'च्या रूपाने. त्या मालिकेच्या उभारणीत पुण्याचे प्रमोद काळे यांचा मोठा वाटा होता. जी मुले १९७५ साली आठ-दहा वर्षांची होती, ती तोवर शाळा सोडून शेतात गेली होती. सरकारी प्रयोगाचे वर्ष आणि मुलाच्या आयुष्यातील वर्ष ही एकाच मापाची नसतात.

या तिसऱ्या उणिवेवर उपाय नव्हता असे नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज येथे एक लहान प्रक्षेपक होता. 'साइट'चा काळ संपला तरी तेथील कार्यक्रम पुढे चालू राहिले. तेथे कार्यक्रम स्थानिक बोलीत होत. गावकऱ्यांचे प्रश्न, त्यांची गाऱ्हाणी, त्यांची नाटके त्यांच्याच तोंडून पडद्यावर येत. १९८४ साली ग्रामीण संज्ञापनाबद्दलचे युनेस्कोचे पारितोषिक खेडा प्रकल्पास मिळाले. आणि पुढच्याच वर्षी तो प्रक्षेपक बंद झाला, तेव्हा खेडुतांनी निषेध केला. आपली वस्तू गेली म्हणून माणूस जेव्हा निषेध करतो, तेव्हाच ती खरोखर त्याची झाली होती असे समजावे. पुढे १९९६ पासून मध्यप्रदेशातील झाबुआ जिल्ह्यात १५० गावांत ग्राहकयंत्रे बसविली, आणि तालुक्याच्या बारा ठिकाणांहून उलट बोलण्याची सोयही केली. रायपूरच्या खेड्यांत जी वाट नव्हती ती वीस वर्षांनी झाबुआस सापडली.

यंत्राने जी वाट वीस वर्षांनी दिली, ती एका मराठी शास्त्रज्ञाने साध्या पोस्टकार्डावर उघडली होती. जयंत नारळीकरही मूळचे कोल्हापूरचेच, जन्म १९३८ चा. विज्ञानकथा आणि व्याख्याने यांमुळे त्यांचे नाव घरोघर झाले. व्याख्यान संपले की मुले स्वाक्षरीसाठी गराडा घालीत. स्वाक्षरीच्या वहीऐवजी पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर आणि खाली स्वाक्षरी दोन्ही मिळतील, असे ते सांगत, आणि त्याप्रमाणे खरोखरच उत्तरे धाडीत. वीरदर्शनास आलेल्या मुलास त्यांनी असे हळूच प्रश्नकर्ता करून टाकले! १९७५ च्या पेटीत जे उणे होते ते येथे काही पैशांच्या कार्डाने भरून निघाले. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यास निवर्तले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, शंभरी ओलांडून, चिटणीसही तेथेच गेले. एकाने आभाळ खेड्यापर्यंत आणले, दुसऱ्याने मुलाचा प्रश्न आभाळापर्यंत नेला. आपल्या भाषेने ही दोन माणसे एकाच पानावर लिहून ठेवावीत.

यश पालांचा छत्तीसगढाशी असलेला संबंध मात्र 'साइट'बरोबर संपला नाही. नव्या राज्याने २००२ साली केलेल्या कायद्याच्या आश्रयाने शंभराहून अधिक खाजगी विद्यापीठे कागदोपत्री उगवली. त्यांतील कित्येकांस धड इमारतही नव्हती. यश पाल या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने ती विद्यापीठे रद्द केली. ज्याने या भूमीच्या शाळांवर आभाळातून विज्ञान उतरविले, त्यानेच तीस वर्षांनी येथील पोकळ शिक्षणाविरुद्ध दाद मागावी, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. कुतूहल जागे करणे हे अर्धे काम. त्या कुतूहलास बसावयास खरी शाळा मिळते की नाही हे पाहणे, हे उरलेले अर्धे.

आज उत्साहास तोटा नाही. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळातून पंतप्रधानांशी बोलले तो क्षण देशाने पडद्यावर पाहिला. मंगळयानावर २०१९ साली हिंदी बोलपट निघाला, आणि २०२२ साली नंबी नारायणन यांच्या चरित्रावर. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, ते पाहण्यासाठी देशभर शाळा उघड्या ठेवल्या होत्या. आणि ज्यांस शाळा नव्हती त्यांच्या तळहातावर दूरध्वनीचा पडदा होता. १९६९ च्या चंद्रविजयाची वार्ता कानांनी ऐकणारा देश ५४ वर्षांनी स्वतःचा चंद्रविजय डोळ्यांनी पाहत होता. त्या आनंदास उणे लेखण्याचा करंटेपणा कोणी करू नये. पण १९६९ ची दोन उत्तरे आठवली म्हणजे ध्यानी येते की आपण पुन्हा पहिल्याच उत्तराकडे झुकत आहो. बोलपटात नायक असतो, आणीबाणीचा क्षण असतो, शेवटी टाळ्या असतात. संचाची किल्ली सांभाळणारा शिक्षक त्यात नसतो, आणि प्रश्न विचारणारे मूलही नसते.

तेव्हा या इतिहासाचा बोध आपणासारख्या, दूर प्रांती सरकारचे कागद सांभाळणाऱ्या मंडळींच्याच पदरात अधिक पडतो. २३ ऑगस्ट आता राष्ट्रीय अंतराळ दिन झाला आहे. दर वर्षी त्याचे परिपत्रक निघणार, गावोगाव चित्रफिती दाखविल्या जाणार, आणि किती शाळांत दाखविल्या व किती मुलांनी पाहिल्या याचे तक्ते भरून वर जाणार. ते तक्ते भरणारे हात पुष्कळदा आपलेच असतील. त्यांत मुलांनी काय विचारले यासाठी रकाना नसतो. तो आपण आखून घ्यावा. चित्रफीत संपल्यावर दिवे लावावेत आणि मुलांस त्यांच्या छत्तीसगढीत, त्यांच्या गोंडीत, ज्या मुलखात आपण असू तेथील बोलीत विचारू द्यावे; आपणास उत्तर येत नसेल तर ज्यास येते त्याच्याकडे प्रश्न धाडावा आणि उत्तर आले की ते त्या मुलाच्या हाती द्यावे. जावक आणि आवक या दोन वह्या आपल्या प्रत्येक कचेरीत असतातच. १९७५ साली या जिल्ह्यात जावक वही आभाळापर्यंत पोहोचली होती; आवक वही मात्र उघडावयाची राहून गेली.